फसवा संदेश आला तर: ओळखण्याची आणि निस्तरण्याची रीत

मोबाइलवर येणारा फसवा संदेश ओळखण्यासाठी दिला जाणारा सर्वांत जुना सल्ला म्हणजे त्यातील अशुद्धलेखन आणि मोडकीतोडकी भाषा पाहावी. एके काळी तो उपयोगी होता. आज त्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण भामटे आता खऱ्या संस्थांचे संदेश जसेच्या तसे उचलतात आणि तयार साधने वापरून कोणत्याही भाषेत निर्दोष मजकूर लिहितात. म्हणून संदेश समोर आल्यावर ‘हा खरा दिसतो का’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि दुसरे दोन प्रश्न विचारावेत: हा संदेश मला नेमके काय करायला सांगतो आहे, आणि ते करण्यासाठी मला कोणत्या वाटेने नेतो आहे? फसवणारा माणूस भाषा, चिन्ह, नाव, क्रमांक यांपैकी काहीही बदलू शकतो, परंतु आपल्याला स्वतःच्या वाटेवर ओढल्याशिवाय त्याचे काम होत नाही. ती वाट कधी लिंकची असते, कधी फोन करण्यासाठी दिलेल्या क्रमांकाची, कधी साध्या उत्तराची, तर कधी डाउनलोड करायच्या ॲपची. संदेशात सांगितलेले काम खरोखर करण्याजोगे असेल, तर ते आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या वाटेने करावे, म्हणजे बँकेचे ॲप स्वतः उघडून, कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक लावून किंवा त्या कार्यालयात जाऊन. पुढील बहुतेक सूचना या एकाच गोष्टीतून निघतात.

पाठवणाऱ्याचे नाव हा पुरावा का नव्हे

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी पाठवला गेला आणि त्या काळी आखलेली व्यवस्था आजही बऱ्याच अंशी तशीच चालू आहे. एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची ७०. पण पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे तपासण्याची सोय मूळ रचनेत ठेवलेलीच नव्हती. मोठ्या संख्येने संदेश पाठवणाऱ्या संस्थांना क्रमांकाऐवजी ११ अक्षरांपर्यंतचे नाव वापरता येते, आणि जिथे अशा नावांची नोंदणी सक्तीची नाही तिथे दुसऱ्याचे नाव लावणे अवघड नसते. यातून उद्भवणारा धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फोन संदेशांची मांडणी पाठवणाऱ्याच्या नावावरून करतो, त्यामुळे आपल्या बँकेच्या नावाने आलेला खोटा संदेश बँकेच्या जुन्या, खऱ्या संदेशांखाली त्याच रांगेत येऊन बसतो. वर गेल्या महिन्याच्या व्यवहाराची खरी सूचना, त्याखाली खरा ओटीपी आणि त्याखाली हा खोटा इशारा असे दृश्य दिसल्यावर एरवी सावध असणारा माणूसही फसतो.

याहून घातक प्रकार गेल्या काही वर्षांत अनेक देशांच्या पोलिसांना आढळला आहे. भामटे गाडीत किंवा पाठीवरच्या पिशवीत छोटा बनावट मोबाइल टॉवर घेऊन गर्दीच्या भागातून फिरतात. आसपासचे फोन त्याला जोडले जातात, तो त्यांना जुन्या टू-जी नेटवर्कवर उतरवतो आणि संदेश थेट फोनमध्ये टाकतो. टू-जीमध्ये नेटवर्क फोनची ओळख तपासते, फोन मात्र नेटवर्कची ओळख तपासत नाही, ही त्यातील मूळची उणीव आहे. असे संदेश मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून जातच नसल्यामुळे तिने बसवलेल्या चाळण्यांचा तिथे उपयोग होत नाही. अँड्रॉइडच्या १२व्या आवृत्तीपासून अनेक फोनमध्ये टू-जी बंद करण्याची सोय आहे. आपल्या भागात टू-जीवाचून अडत नसेल, तर ती अवश्य वापरावी.

काही देशांनी नावांच्या गैरवापराला आळा घालण्याचा प्रयत्न केला आहे. सिंगापूरने ३१ जानेवारी २०२३ पासून नावांची नोंदणी सक्तीची केली आणि नोंदणी नसलेल्या नावाने आलेल्या संदेशावर तो फसवा असण्याची शक्यता असल्याचा शिक्का दिसू लागला. भारतात नोंदणीकृत नावाच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी हे इंग्रजी अक्षर जोडले जाते आणि त्यावरून अनुक्रमे जाहिरातीचा, सेवेचा, व्यवहाराचा आणि सरकारी संदेश ओळखता येतो. त्यामुळे साध्या वैयक्तिक क्रमांकावरून येऊन बँकेचा असल्याचा दावा करणारा संदेश सहज खटकतो. तरीही नाव बरोबर दिसले म्हणून पैसे किंवा माहिती देण्याचा निर्णय घेऊ नये.

एक संदेश, जवळून

पुढील संदेश पाहावा: ‘प्रिय ग्राहक, अपुऱ्या पत्त्यामुळे आपले पार्सल आमच्या केंद्रात थांबले आहे. १२ तासांत पत्ता पूर्ण करून नाममात्र शुल्क भरावे, अन्यथा पार्सल परत पाठवले जाईल.’ खाली एक लिंक. मी स्वतः एका पार्सलची वाट पाहत होतो त्याच दिवशी असा संदेश माझ्या फोनवर आला, आणि पत्ता भरून कार्डाचे पहिले चार अंक टाकेपर्यंत मला काहीही वावगे वाटले नाही. माझ्याकडे पार्सल येणार हे त्यांना कसे कळले, असे नंतर घरच्यांनी विचारले. त्यांना काहीच कळलेले नव्हते. एकच मजकूर लाखो क्रमांकांवर गेला की त्यांतील पुष्कळ लोक त्या दिवशी कशाची ना कशाची वाट पाहतच असतात. माझ्या बाबतीत बोलाफुलाला गाठ पडली एवढेच.

आता त्याच मजकुराकडे शब्दशः पाहू. ‘प्रिय ग्राहक’ या संबोधनात नाव नाही, पार्सल कोणाकडून आले ते सांगितलेले नाही आणि ते कुठवर पोहोचले हे पाहण्यासाठी दिला जाणारा क्रमांकही नाही. ज्या संस्थेकडे माझे पार्सल आहे तिच्याकडे या तिन्ही गोष्टी असायला हव्यात. याचा व्यत्यास मात्र खरा नाही: ग्राहकांच्या याद्या वेळोवेळी चोरीला जातात, त्यामुळे आपले पूर्ण नाव, पत्ता किंवा खाते क्रमांकाचे शेवटचे अंक संदेशात अचूक असले, तरी तो खरा ठरत नाही. ‘१२ तासांत’ हे शब्द आपल्याला विचार करायला, कोणाला तरी विचारायला वेळ मिळू नये म्हणून आहेत. सर्वांत धूर्त शब्द ‘नाममात्र’ हा आहे. इतक्या किरकोळ रकमेसाठी कोण कशाला फसवेल, असे आपल्या मनात येते आणि त्या किरकोळ रकमेच्या निमित्ताने कार्डाचा पूर्ण क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक आपण स्वतःच्या हाताने भरून देतो. शुल्क हा बहाणा असतो. त्यांना कार्ड हवे असते.

त्यानंतर जे घडते ते समजून घेणे फार गरजेचे आहे. ‘पडताळणी सुरू आहे’ असे दाखवणारे चक्र पानावर फिरत असते, तेवढ्या वेळात पलीकडचा माणूस आपले कार्ड स्वतःच्या फोनमधील वॉलेटला जोडत असतो किंवा त्यावर मोठी खरेदी करत असतो. त्यामुळे बँकेकडून खराखुरा ओटीपी येतो, आणि तो टाकण्याची चौकट बनावट पानावर तयारच असते. आपली नजर केवळ सहा अंक शोधत असते. त्या अंकांच्या शेजारी हा ओटीपी किती रकमेसाठी, कोणाला पैसे देण्यासाठी किंवा कोणत्या नव्या उपकरणावर कार्ड जोडण्यासाठी आहे हे बहुतेक बँका लिहितात. ते वाक्य दर वेळी, शेवटच्या शब्दापर्यंत वाचावे. शुल्क किरकोळ आणि ओटीपीच्या संदेशातील रक्कम भलतीच, किंवा त्यात वॉलेटचा उल्लेख, असे दिसताच हात थांबवला तर त्या टप्प्यावरही पैसे वाचतात.

लिंक कशी वाचावी

लिंकमधील खरा मालक ओळखण्याची एक रीत आहे. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर येणारी पहिली एकटी तिरकी रेघ शोधावी आणि तिथून डावीकडे वाचत यावे. शेवटचा भाग आणि त्याच्या टिंबाआधीचा शब्द मिळून मालकाचे नाव बनते. त्याच्याही डावीकडे जे काही आहे ते तो मालक स्वतःच्या मर्जीने लिहू शकतो. इंग्रजी पत्ता देवनागरीत मांडून दाखवायचा तर ‘माझीबँक.खाते-तपासणी.कॉम/लॉगिन’ हे पान माझ्या बँकेचे नसून ‘खाते-तपासणी.कॉम’ या नावाच्या मालकाचे आहे. काही देशांच्या पत्त्यांचा शेवट ‘को.यूके’ किंवा ‘को.इन’ असा दुहेरी असतो. तिथे आणखी एक शब्द डावीकडे जावे लागते. इंग्रजी आर आणि एन ही अक्षरे शेजारी लिहिली की एम असल्याचा भास होतो, ओच्या जागी शून्य बसते, रशियन लिपीतील काही अक्षरे इंग्रजी अक्षरांसारखीच दिसतात, आणि आखूड केलेल्या लिंकमध्ये तर खरा पत्ता दिसतच नाही. ब्राउझरमधील कुलपाच्या चिन्हाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत माहिती कोणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसले आहे याची हमी ते चिन्ह देत नाही.

हे ज्ञान असावे, पण घाईच्या क्षणी त्याच्या बळावर लिंक उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब पत्ता अर्धाच दिसतो आणि थकलेल्या माणसाकडून एक अक्षर सहज निसटते. पासवर्ड सांभाळणारे ॲप या बाबतीत डोळ्यांपेक्षा भरवशाचे आहे, कारण ते पत्ता अक्षरशः जुळल्याशिवाय पासवर्ड भरत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला गेला नाही, तर तो हाताने टाकण्याआधी थांबावे. पासवर्डऐवजी बोटाचा ठसा, चेहरा किंवा फोनचा पिन वापरून लॉगिन करण्याची ‘पासकी’ ही नवी पद्धत त्याहून पक्की आहे, कारण ती मूळ संकेतस्थळाशीच बांधलेली असते आणि बनावट पानावर चालतच नाही.

लिंक उघडत नसेल तर ‘वाय असे उत्तर पाठवून हा संदेश पुन्हा उघडा’ अशी सूचना काही संदेशांत असते. आयफोन अनोळखी पाठवणाऱ्याची लिंक आपण उत्तर देईपर्यंत निष्क्रिय ठेवतो. ते संरक्षण आपल्याच हातून काढून टाकण्यासाठी ही युक्ती योजलेली आहे. ही ओळ दिसली की पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही.

लिंक नसलेले संदेश

लिंक नसलेला संदेश निरुपद्रवी वाटतो आणि म्हणूनच त्याच्याबाबत अधिक जपावे लागते. ‘आई, माझा फोन पाण्यात पडला, हा नवा क्रमांक आहे, तातडीने पैसे हवेत’ या प्रकारच्या संदेशाने अनेक देशांतील आईवडिलांना गंडवले आहे. त्यात नाव नसते. आई स्वतःच ‘कोण, अमुक का?’ असे विचारते आणि भामट्याला नाव मिळते. अशा वेळी मुलाच्या जुन्या क्रमांकावर फोन करावा, आणि तो लागला नाही तर ज्याचे उत्तर केवळ त्यालाच माहीत असेल असा प्रश्न विचारावा. आता आवाजाचीही नक्कल करता येते, त्यामुळे घरातल्या माणसांनी आपसांत एक खुणेचा शब्द आधीच ठरवून ठेवलेला बरा.

‘तुमच्या खात्यात चुकून पैसे जमा झाले, परत पाठवा’ या मागणीसोबत बँकेच्या संदेशाची हुबेहूब नक्कल येते. जमा झाले की नाही हे संदेशात पाहू नये, बँकेच्या ॲपमधील शिल्लक पाहावी. पैसे खरोखर जमा झालेले असले, तरी परस्पर परत न पाठवता बँकेला कळवावे, कारण ती रक्कम दुसऱ्या एखाद्या पीडिताची असू शकते आणि ती पुढे पाठवणाऱ्यावरही संशय येतो. पैसे मिळवण्यासाठी स्वतःचा पिन किंवा ओटीपी द्यावा लागत नाही. तो मागितला जातो आहे याचा अर्थ पैसे आपल्याकडून जाणार आहेत. ‘माझा सहा अंकी कोड चुकून तुझ्या फोनवर आला, पाठव ना’ हा निरोप ओळखीच्या माणसाकडून आला, तरी कोड देऊ नये. त्या माणसाचे खाते आधीच चोरीला गेलेले असते आणि तो कोड आपले व्हॉट्सॲप खाते ताब्यात घेण्यासाठी हवा असतो. घरबसल्या व्हिडिओ पसंत करून पैसे मिळवण्याच्या कामात सुरुवातीला थोडे पैसे खरोखर मिळतात. ते गळाला लावलेले आमिष असते, आणि पुढच्या कामासाठी अनामत मागितली जाते.

या सर्वांत संथ आणि सर्वांत निर्दय प्रकार चुकीच्या क्रमांकाचा आहे. ‘नमस्कार, उद्याच्या भेटीचे नक्की ना?’ असा संदेश येतो, आपण सौजन्याने ‘आपण चुकीच्या क्रमांकावर लिहिले आहे’ असे कळवतो, समोरून आभार येतात आणि गप्पा सुरू होतात. पहिला संदेश हा खडा टाकून पाहण्याचा प्रकार असतो. आठवडे, कधी महिने, पैशांचा विषयही निघत नाही. मग सहज बोलता बोलता गुंतवणुकीच्या एका ॲपचा उल्लेख येतो, त्यात आपली रक्कम वाढताना दिसते, आणि ती काढायला गेले की कर किंवा शुल्क भरण्याची मागणी होते. ॲपमधील आकडे निव्वळ चित्र असते. पलीकडे टाइप करणारा माणूस अनेकदा स्वतः कैदी असतो ही गोष्ट मला अस्वस्थ करते: संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक अशा ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बळजबरीने जुंपलेले होते. हे कळल्यावर त्या माणसाविषयी करुणा वाटणे स्वाभाविक आहे, पण संभाषण चालू ठेवल्याने त्याची सुटका होत नाही. उत्तर देऊ नये, हेच खरे.

संदेश आला, अजून काही केलेले नाही

अशा वेळी काम थोडे असते. उत्तर पाठवू नये. ‘थांबवा’ किंवा ‘स्टॉप’ असे उत्तरही नको, कारण त्यातून हा क्रमांक चालू आहे आणि त्यामागे वाचणारा माणूस आहे एवढी माहिती पलीकडे जाते आणि आपला क्रमांक अधिक मोलाचा ठरतो. संदेशाचा स्क्रीनशॉट घ्यावा, फोनमधील रिपोर्ट करण्याचा पर्याय वापरावा, क्रमांक ब्लॉक करावा आणि मग संदेश पुसून टाकावा. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडात असा संदेश ७७२६ या क्रमांकावर पुढे पाठवता येतो. कीपॅडवर हे अंक इंग्रजी ‘स्पॅम’ या शब्दाचे आहेत. भारतात दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीत संशयास्पद संदेशांची तक्रार नोंदवता येते. आपल्या एका तक्रारीने काय होणार, असे वाटते खरे. परंतु क्रमांक बंद करण्याची आणि लिंक रोखण्याची कारवाई अशाच तक्रारींच्या आधारावर होते. संदेश गटांत पुढे पाठवायचा असेल, तर स्क्रीनशॉटच पाठवावा. चालू लिंक पुढे गेली की सावध करण्याच्या हेतूने आपणच सापळा वाटून मोकळे होतो.

संदेश खरा असण्याची थोडीही शक्यता वाटत असेल, तर तो बंद करून त्या संस्थेचे ॲप उघडावे. वीजबिल खरोखर थकले असेल, तर ते ॲपमध्ये थकलेलेच दिसेल. संस्थेचा क्रमांक शोधतानाही जपावे, कारण शोधयंत्राच्या निकालांत जाहिरात म्हणून वर दिसणारे मदत क्रमांक कधी कधी भामट्यांनीच पेरलेले असतात. कार्डावर, पासबुकावर किंवा जुन्या बिलावर छापलेला क्रमांक अधिक भरवशाचा.

हातून चूक झाली असेल तर

आधी नेमके काय घडले ते स्वतःशी स्पष्ट करावे, कारण प्रत्येक चुकीवरचा उपाय वेगळा आहे. केवळ लिंक उघडली, काही भरले नाही आणि काही डाउनलोड झाले नाही, तर अद्ययावत फोनला सहसा अपाय होत नाही. पान बंद करावे, फोन आणि ब्राउझर अद्ययावत करावेत आणि पुढचे काही दिवस खात्यांवर लक्ष ठेवावे.

पासवर्ड दिला असेल, तर खऱ्या ॲपमधून तो लगेच बदलावा आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथेही बदलावा. इतर सर्व उपकरणांवरील लॉगिन बंद करण्याचा पर्याय वापरावा. ई-मेलचा पासवर्ड गेला असेल, तर खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला पर्यायी क्रमांक बदललेला नाही ना, आणि आपली पत्रे गुपचूप दुसरीकडे पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवलेला नाही ना, हे अवश्य पाहावे. ही तपासणी बहुतेक जण विसरतात आणि पासवर्ड बदलूनही चोर घरातच राहतो.

कार्डाची माहिती किंवा ओटीपी दिला असेल, अथवा पैसे गेले असतील, तर मिनिटे मोजावीत. बँकेच्या ॲपमधून कार्ड आणि ऑनलाइन व्यवहार ताबडतोब बंद करावेत, मग छापील क्रमांकावर बँकेला फोन करून खाते तात्पुरते गोठवायला सांगावे आणि कार्ड कोणत्या नव्या उपकरणाला किंवा वॉलेटला जोडले गेले आहे का, हे आवर्जून विचारावे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात झपाट्याने हलवली जाते. ती वाटेत असतानाच अडवता येते. त्यासाठीच भारतात १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तर ब्रिटनमध्ये १५९ लावला की सहभागी बँकांपैकी आपल्या बँकेशी जोडले जाते. फोनवर बोलताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील जवळ ठेवावा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि तीच तक्रार लगेच लेखी स्वरूपातही द्यावी. अनेक देशांच्या नियमांत ग्राहकाची जबाबदारी त्याने किती लवकर कळवले यावर ठरते, त्यामुळे उद्या सकाळी पाहू असे म्हणू नये.

ॲप उतरवून घेतले असेल, तर प्रकरण अधिक गंभीर समजावे. पार्सल आणि व्हॉइसमेलच्या संदेशांतून पसरलेले ‘फ्लूबॉट’ हे अँड्रॉइडवरील घातक ॲप बँकेची माहिती चोरत असे आणि फोनमधील सर्व संपर्कांना स्वतःची लिंक पाठवत असे; ११ देशांच्या तपास यंत्रणांच्या कारवाईनंतर त्याचा बंदोबस्त झाल्याचे युरोपीय संघाच्या ‘युरोपोल’ या पोलीस संस्थेने १ जून २०२२ रोजी जाहीर केले. त्या धाटणीची ॲप आजही येतात. संदेश वाचण्याची परवानगी मिळालेले ॲप ओटीपी परस्पर वाचते, म्हणजे आपण कोणाला काही सांगण्याचीही गरज उरत नाही. म्हणून फोन आधी विमान मोडवर टाकावा आणि वाय-फायही बंद करावे, बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवावे, आणि त्या फोनवर कोणताही पासवर्ड टाकू नये. ॲप साध्या रीतीने निघत नसेल, तर छायाचित्रे वगैरे जपून फोन पूर्ववत कोरा करणे (फॅक्टरी रीसेट) हाच खात्रीचा मार्ग आहे. कोणाच्या सांगण्यावरून पडदा दाखवणारे किंवा दुरून फोन चालवू देणारे ॲप घेतले असेल, तरी याच क्रमाने जावे.

फोनचे नेटवर्क अचानक गेले आणि शेजारच्या माणसाचे त्याच कंपनीचे नेटवर्क चालू असेल, तर आपल्या नावाने दुसरे सिमकार्ड काढले गेल्याची शंका घ्यावी आणि दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनी व बँक या दोघांनाही कळवावे.

पैसे गेल्यानंतरचे दिवस

पैसे गमावलेल्यांच्या याद्या भामटे एकमेकांना विकतात. त्यामुळे काही आठवड्यांनी ‘तुमची रक्कम सापडली आहे, शुल्क भरा आणि परत घ्या’ असा संदेश येतो. पाठवणारा वकील, सायबर तज्ज्ञ किंवा अधिकारी असल्याचे सांगतो, आणि त्याला आपल्या प्रकरणाचा तपशीलही ठाऊक असतो. आशेच्या पोटी त्याला पैसे देणारा माणूस आगीतून फुफाट्यात पडतो. तपास यंत्रणा किंवा बँक रक्कम परत करण्यासाठी आधी शुल्क मागत नाही.

घरातील एखादी व्यक्ती फसली असेल, तर पहिल्या तासात तिला एकही दोष देऊ नये, असे मी कळकळीने सांगतो. हे शक्य होणे हीच पैसे वाचवण्याची पूर्वअट आहे. ज्येष्ठ माणसे आणि किशोरवयीन मुले रागावणीच्या भीतीने घडलेले लपवतात, भामटाही ‘कोणाला सांगू नका’ असे बजावत राहतो, आणि जो वेळ बँकेला फोन करण्यात जायला हवा तो गप्प बसण्यात जातो. ‘बरे झाले सांगितलेस, आता कार्ड बंद करू’ एवढे बोलून कामाला लागावे. धक्का ओसरल्यावर दोघांनी मिळून त्यांच्या फोनमध्ये बँकेचा छापील क्रमांक आणि मदत क्रमांक नावासह जतन करावेत, रोजच्या व्यवहारांची मर्यादा गरजेपुरती खाली आणावी, व्हॉट्सॲपमध्ये दुहेरी पडताळणीचा पिन लावावा आणि अनोळखी ठिकाणाहून ॲप घेण्याची परवानगी बंद करावी. ही सारी कामे एका बैठकीत होतात. ती त्यांच्या फोनवर, त्यांच्याच हातून करून घ्यावीत.